दुधाच्या वहीचं मागचं पान

दुधाची वही मी मागूनही लिहायला घेतली
श्रावण संपता संपता.
पुढून दूध: अर्धा, अर्धा, एक, खाडा.
मागून ओव्हरलॉक मशीन,
एकच कंपनी, एकच रंग,
आणि रोज निराळा आकडा.

सोमवारी अठरा हजार नऊशे नव्व्याण्णव.
मंगळवारी एकोणीस चारशे.
बुधवारी पाहुणे होते, बघायचं राहिलं.
गुरुवारी रात्री दोनला खोकला आला म्हणून उठले,
तर सतरा आठशे पन्नास!
खाली लाल अक्षरांत, फक्त दोनच शिल्लक.
सकाळी दात घासेपर्यंत भाव परत माडीवर.
ते दोन मात्र शिल्लकच.
तीन आठवडे झाले, कुणी नेईना बिचाऱ्यांना.

जावेच्या फोनवर तीनशेनं स्वस्त.
तिला साधं काजं करता येत नाही,
तिनं कधी बघितलंही नव्हतं, म्हणूनच असेल.
मी रोज जाते, हात लावून परत येते,
त्याला कळलं असणार, हिला हवंय.
आई सांगायची, लुगडं आवडलं तरी
दुकानात तोंड आंबट ठेवावं.
काचेपुढं तेही ठेवून बघितलं.

पिनकोड बदलला.
पुण्याचा घातला, दोनशे उतरले.
माहेरचा घातला, जत तालुक्यातला,
तर म्हणे या ठिकाणी पोचत नाही.
मी तिथूनच इथं पोचले की रे.

अमुक बँकेचं कार्ड असेल तर पंधराशे कमी.
ते कार्ड आमच्यात एकट्या सुकुमारभावजींकडं,
आणि त्यांचे पंधराशे
बारशापासून तेराव्यापर्यंत ऐकावे लागतात.

दसऱ्याला सेल लागला.
एकवीस हजारांवर काट, खाली एकोणीस.
गल्ली म्हणाली, घे की गं, दोन हजार वाचले.
मी वही काढली.
एकवीस कधी नव्हताच.
काट मारायला म्हणून आणला होता.

हे मार्केट यार्डात, हळदीच्या तोलाईला.
घरी येतात ते कानाच्या पाळीपर्यंत पिवळे.
सांगत होते, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा,
वर पाऊसपाण्याच्या गप्पा,
खाली बोटात बोट.
समोरच्याच्या तळव्याला घाम सुटला
की ओळखायचं, अजून सोडतोय.
मी फोन उलटा करून बघितला.
गरम झाला होता,
पण तो माझ्याच हातानं.

शेवटी गणपती पेठेत आवटींकडं गेले.
त्यांनी चिंधी घालून चालवून दाखवलं,
आवाज ऐकवला,
मग स्वतःच विचारलं, ऑनलाइन काय म्हणतोय?
मी वही पुढं केली.
चष्मा लावून त्यांनी मागचं पान वाचलं,
मग पुढचंही वाचत बसले.
म्हणाले, भाद्रपदात दूध फार कमी घेतलंत.
अठरा दोनशे, वर दोऱ्याची चार कोनं.
द्या, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बघितलं. बघायला नको होतं.
सतरा सहाशे.
फक्त दोनच शिल्लक.
तरी लिहून ठेवला, तारीख घालून,
आता कशाला ते विचारू नका.
फोन आता मला दोरे दाखवतो.

रात्री सासूबाईंनी बाजेवरून विचारलं,
कितीला पडलं गं?
मी भांडी मोठ्यानं लावली.
ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला
आणि हात माझ्यापुढं धरला,
तोंडानं म्हणाले, औंदा थंडी लवकर पडणार.
मी एक बोट धरलं.
मग अख्खा पंजा, वर तीन.
अठरा.
दोनशे मी धरले नाहीत.
पण तळव्याला घाम आला होता,
आणि बावीस वर्षं यार्डात काढलेला माणूस
टॉवेल काढता काढता
नुसता हसला.